कॅमेऱ्यासाठी मध्यम आकाराची शोल्डर बॅग हवी आहे, रोज लोकलने प्रवास असतो, कुठली घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की डोंबिवली ते फोर्ट रोजची लोकल, शनिवार-रविवारी साखरपुडे, बारशी आणि अधूनमधून नाटकाचे फोटो. सामान म्हणजे सोनी ए७ फोर कॅमेरा, टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ जी२ लेन्स, सोनीची ८५ एफ/१.८ लेन्स आणि एक फ्लॅश. बॅकपॅक नको, बजेट सहा हजारापर्यंत, आणि बॅग लांबून कॅमेऱ्याची वाटायला नको. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ टाकलीय, "पुढेमागे ७०-२०० ही लांबची झूम लेन्स घेणार आहे, तीपण बसायला हवी." माझं म्हणणं असं की आधी ही शेवटची ओळ खोडा, मग बॅग पटकन सापडेल.

का ते सांगतो, आणि त्यासाठी थोडं मोजमाप करावं लागेल कारण बॅगवाले लिटरमध्ये आकडे देतात आणि त्या आकड्यावरून आपली लेन्स उभी राहील का आडवी पडेल ते काहीच कळत नाही. तुमची टॅमरॉन साधारण १२ सेंटीमीटर लांब आहे. ती कॅमेऱ्याला लावलेली, हूड (लेन्सच्या तोंडावरचं छत्र) उलटा चढवलेला, अशी धरली की मागच्या आयकपपर्यंत, म्हणजे डोळा लावायच्या रबरापर्यंत, अठरा सेंटीमीटरच्या आसपास जाते. शोल्डर बॅगेत कॅमेरा लेन्स खाली आणि पाठ वर असाच ठेवायचा, म्हणजे हात घातला की थेट ग्रिप हातात येते. तर आतली उंची कमीत कमी वीस हवी. ए७ फोरची रुंदी १३ सेंटीमीटर आणि उंची साडेनऊच्या वर, म्हणजे बॅगेची आतली जाडी ११-१२ पुरते. शेजारी ८५, तिचा व्यास आठच्या आत, तिच्या शेजारी फ्लॅश, तोही तेवढीच जागा खातो, मधे दोन पार्टिशनं. सगळं मिळून आतली लांबी ३२-३३. झालं, ३३ बाय १२ बाय २०, ही तुमची बॅग. हे आतलं माप हां, बाहेरचं नाही. ऑनलाइन पानावर बऱ्याचदा बाहेरचंच माप ठळक दिलेलं असतं आणि आतलं खाली कुठेतरी बारीक अक्षरात, दोन्हींत तीन-चार सेंटीमीटरचा फरक सहज पडतो.

आता यात ७०-२०० घाला. सोनीची जीएम टू ही ७०-२०० घेतलीत तर ती २० सेंटीमीटर लांब, वर दोन्ही टोपणं, ट्रायपॉडला लावायची कॉलर, आणि एक किलोच्या वर वजन. लांबी चाळीसच्या पुढे गेली, उंची वाढली, जाडी वाढली, आणि आता तुम्ही जी बॅग घेणार ती ७०-२०० येईपर्यंतची सगळी वर्षं निम्मी रिकामी राहणार. निम्मी रिकामी बॅग कधी रिकामी राहत नाही हो. त्यात डबा जातो, छत्री जाते, चार्जर जातो, बायको म्हणते माझी एवढी पिशवी ठेव. ७०-२०० आली की तिच्यासाठी वेगळा पॅडवाला पाऊच घ्या आणि ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तो वेगळा न्या. तुमची कामं बघता घरगुती बारशात ती लागणारच नाही, नाटकाला लागेल, आणि नाटकाला तुम्ही एका जागी बसलेले असता, तिथे दुसरी पिशवी पायाशी ठेवायला काही अडचण नसते.

वजनाचं गणित पण करून बघा. बॉडी बॅटरीसकट ६५८ ग्रॅम, टॅमरॉन ५४०, ८५ ची ३७१, म्हणजे दीड किलोच्या थोडं वर. फ्लॅश बॅटरीसकट अर्धा किलो धरा, जादा बॅटऱ्या, कार्डं, पुसायचं फडकं, पॉवरबँक मिळून अजून अर्धा. झाले अडीच किलोच्या वर. आता रिकाम्या बॅगेचं वजन बघा, कारण इथेच लोक फसतात: जाड फोम आणि धातूच्या बकलवाली मध्यम बॅग रिकामीच सव्वा-दीड किलो भरते, हलकी असेल तर आठशे-नऊशे ग्रॅममध्ये येते. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली टाकली की तुम्ही चार-साडेचार किलो एका खांद्यावर घेऊन डोंबिवलीच्या जिन्यावर उभे. माझ्या मते एका खांद्यावर साडेतीन-चारच्या पुढे जाऊ नये, तासाभराने मान एका बाजूला ओढायला लागते आणि संध्याकाळी ते जाणवतं. म्हणून दोन बॅगांत अडकलात तर रिकामी हलकी असेल ती घ्या, खिसे दोन कमी असले तरी चालेल.

पट्टा. याबद्दल फारसं कोणी बोलत नाही आणि बॅग वाया जाते ती पट्ट्यामुळेच. रुंदी दोन इंच तरी हवी, खांद्यावरचं पॅड सरकणारं पण खालून रबरी दाणे असलेलं, नाहीतर टेरिकॉटच्या शर्टावरून घसरत राहतं. लांबी एवढी हवी की डोक्यातून आडवी घालता आली पाहिजे आणि बॅग कमरेच्या हाडाच्या जरा वर बसली पाहिजे. खाली मांडीवर लोंबली तर चालताना दर पावलाला आपटते. आणि पट्टा बॅगेला जिथे जोडलाय ती जागा दुकानात उलटून बघा. चौकोनात फुली अशी शिलाई असेल आणि पट्टी बॅगेच्या अंगावरून खालपर्यंत आलेली असेल तर ठीक, नुसती वरच्या काठाला दोन टाके मारून कडी लावलेली असेल तर ती बॅग परत ठेवा, बाकी कितीही छान असली तरी. कडी प्लास्टिकची असेल तर तीपण नको. धातूची फिरती कडी कुरकुरते पण तुटत नाही, कुरकुरीवर मेणबत्ती घासायची, जाते.

लोकलचं म्हणाल तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. एवढंच सांगतो की आडवी घातलेली बॅग चढायच्या आधी पुढे पोटावर घ्यायची असते आणि त्यामुळे जाडी हा लांबीपेक्षा मोठा प्रश्न आहे. बाहेरून १६-१७ सेंटीमीटरच्या आत असेल तर गर्दीत दोन हात तिच्यावर ठेवून उभं राहता येतं. पुढे फुगलेले खिसे असतील आणि त्यात पाण्याची बाटली कोंबलेली असेल तर दरवाज्यातला माणूस तुमच्या नावाने खडे फोडणार. रॅकवर कॅमेऱ्याची बॅग टाकू नका, आणि टाकलीच तर पट्टा दांड्याला अडकवा.

आता उघडणं-बंद करणं, कारण तुम्ही नाटकाचे फोटो काढता. सावित्रीबाई फुले कलामंदिरात तिसऱ्या रांगेत बसलायत, रंगमंचावर दोन पात्रं गप्प उभी आहेत, आणि तुम्ही लेन्स बदलायला वेल्क्रो ओढलं, खर्रर्र. अख्खी रांग मान वळवून बघते. मंगलाष्टकांतही तेच, फक्त तिथे भटजी मोठ्याने म्हणत असल्यामुळे निभावतं. तेव्हा फ्लॅपला वेल्क्रो नको, किंवा असेल तर झाकता येणारं हवं. थिंक टँक कंपनीच्या रेट्रोस्पेक्टिव्ह बॅगांना वेल्क्रोवर पालथी घालायची पट्टी दिलेली असते, त्यांनी हे नीट विचार करून केलंय, पण त्या तुमच्या बजेटच्या बाहेर. घरगुती उपाय असा की शिवणसामानाच्या दुकानातून वेल्क्रोची फक्त मऊ बाजू फूटभर घ्यायची आणि बॅगेवरच्या खरखरीत बाजूवर चिकटवून ठेवायची, लग्नाच्या दिवशी काढायची, नाटकाच्या दिवशी लावायची. दहा-वीस रुपयांत काम होतं. माझ्या हिशोबात सगळ्यात उत्तम रचना म्हणजे वर एक लांब चेन आणि तिच्यावर फ्लॅप. प्रवासात दोन्ही बंद, काम चालू असताना चेन उघडी आणि फ्लॅप नुसता पालथा टाकलेला. चेनचा रनर ओढून बघा, कोपऱ्यावर अडकतोय का. वायकेके या कंपनीची चेन असेल तर निम्मी काळजी मिटली.

बॅग कॅमेऱ्याची वाटू नये, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पण त्यासाठी महागडी "स्टेल्थ" बॅग घ्यायची गरज नाही. साधी कॅनव्हासची ऑफिस मेसेंजर बॅग घ्या, लॅपटॉपवाली, आणि आत कॅमेऱ्याचा पॅडवाला इन्सर्ट टाका. इन्सर्ट सुटे मिळतात, टेन्बा कंपनीचे बीवायओबी नावाने येतात, आणि बिननावाचे हजाराच्या आसपास मिळून जातात. इन्सर्ट काढला की तीच बॅग ऑफिसची. या प्रकारात एक सांभाळा: इन्सर्ट आणि बॅग यांची मापं जुळली पाहिजेत, नाहीतर इन्सर्ट आत डुलतो आणि हात घालताना कडेच्या फटीत जातो. ३० ते ३३ लांबीचा इन्सर्ट आणि त्याला घट्ट बसणारी बॅग, असं एकत्रच दुकानात बसवून बघा.

कोणी तुम्हाला डॉमकी किंवा बिलिंगहॅम कंपनीची बॅग सुचवेल. दोन्ही मस्त आहेत. डॉमकी म्हणजे अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया इन्क्वायरर वृत्तपत्राचा फोटोग्राफर जिम डॉमकी, त्याने सत्तरच्या दशकात स्वतःसाठी म्हणून कॅनव्हासची बॅग शिवून घेतली, पॅडिंग जवळजवळ नाही, म्हणून ती अंगाला चिकटून बसते. वृत्तपत्रवाल्यांना ती का आवडली ते हातात घेतल्यावर कळतं. पण लोकलच्या धक्काबुक्कीत बिनपॅडिंगच्या बॅगेत तुमच्यासारखा मिररलेस कॅमेरा ठेवायला माझा जीव धजणार नाही. बिलिंगहॅम मुळात इंग्लंडात मासेमारीच्या पिशव्या शिवायचे, त्या फोटोग्राफर लोक विकत घ्यायला लागले म्हणून ते कॅमेऱ्याकडे वळले. टिकाऊ आहे यात शंका नाही, पण कस्टम धरून इथे येईपर्यंत त्या पैशात तुमची दुसरी लेन्स येते. सहा हजारात व्हॅनगार्ड, लोप्रो, के अँड एफ कॉन्सेप्ट यांच्या छोट्या-मध्यम मेसेंजर बघा. मॉडेलचं नाव मी मुद्दाम देत नाही, दर वर्षी बदलतात, तुम्ही वरचं माप घेऊन जा.

पावसाळा. सोबतचं रेनकव्हर बॅगेच्या तळात शिवलेलं असेल तर उत्तम, सुटं असेल तर ते पहिल्याच पावसात घरी राहिलेलं असतं. कापड आतून पीयू कोटिंगचं, म्हणजे पॉलियुरेथेनच्या पातळ थराचं, असेल तर पाणी थांबतं, पण मुंबईच्या दमट हवेत काही वर्षांनी ते कोटिंग चिकट होतं, सोलवटतं, त्याला इलाज नाही, म्हणून जुन्या स्टॉकची सेलमधली बॅग घेताना आतून हात फिरवून बघा, बोटाला चिकटलं तर सोडून द्या. जाड कॅनव्हास भिजला तर वाळायला दोन-दोन दिवस लागतात आणि तोपर्यंत आत वास. आणि हे नीट ऐका, बॅग ही कॅमेरा ठेवायची जागा नाही, न्यायची जागा आहे. जून ते सप्टेंबर घरी आलात की लेन्स बाहेर काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. फोम ओलावा धरून ठेवतो, बॅगेतल्या अंधारात लेन्सवर बुरशी धरते आणि एकदा आतल्या काचेवर जाळं पसरलं की साफ करायचा खर्च बॅगेच्या किमतीच्या वर जातो. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ओलावा भरला असं समजा, मंद आचेवर तापवलं की परत निळं होतं. ते ज्या भांड्यात तापवाल ते स्वयंपाकाला वापरू नका.

लेदरबद्दल विचारलंय, तर तुमच्या कामाला नको. धारावीत सुंदर लेदर बॅगा मिळतात आणि दिसायला दुसरं काही त्यांच्या जवळ येत नाही, पण जड, आणि ऑगस्टमध्ये पांढरी बुरशी चढते, दर दोन आठवड्यांनी पुसत बसावं लागतं.

एवढं सगळं ठरलं की एखाद्या शनिवारी सकाळी तुमचं सामान जुन्या पिशवीत घालून फोर्टमधल्या बोरा बाजारात, कॅमेऱ्याच्या दुकानांच्या गल्लीत, जा. नुसती रिकामी बॅग खांद्याला लावून आरशात बघू नका, सगळं सामान तिच्यात भरा, आडवी घाला, आणि एका हाताने फ्लॅप उचलून न बघता कॅमेरा बाहेर काढता येतो का ते पाच-सहा वेळा करून बघा. मग खाली वाका, बुटाची लेस बांधतो तसं, बॅग पुढे घसरून लेन्स बाहेर डोकावते का बघा. मग दुकानाबाहेर रस्त्याच्या टोकापर्यंत चालून या, दुकानदार पैसे किंवा आधारकार्ड ठेवून जा म्हणाला तर ठेवा. दुकानदार एवढं करू देत नसेल तर वाद घालू नका, पुढच्या दुकानात जा, त्या गल्लीत दुकानांना तोटा नाही.