कोकणातलं चिऱ्याचं घर बाहेरून कसं सांभाळायचं? प्रेशर वॉशर घ्यावा का?

तुमचं रत्नागिरीकडचं घर मे महिना आणि दिवाळी सोडली तर बंद असतं, भिंतींवर काळं-हिरवं शेवाळ चढलंय, म्हणून वॉशर घ्यायचा विचार आहे. माझंही घर चिऱ्याचंच आहे, वर मंगलोरी कौलं. माझं ऐकाल तर वॉशर घेऊ नका.

चिरा म्हणजे जांभा दगड. तो खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो. उघड्यावर राहून त्याचं वरचं कवच कडक होतं, आणि भिंत तगते ती त्या कवचावर. जोराचा फवारा ते कवचच खरवडतो. जुन्या घरांत सांधे चुन्याचे किंवा मातीचे असतात, तेही धुऊन निघतात. दिवाळीला जाल तेव्हा शेवाळ बऱ्यापैकी वाळलेलं असेल, काथ्याच्या ब्रशने कोरडंच घासा. थोडा काळपट डाग राहिला तर राहू दे, भिंतीला त्याने काही होत नाही. ॲसिड नको. डाग झाकायला प्लॅस्टिक पेंटही नको. चिरा पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. वाट बंद केली की रंगाला फुगे येतात आणि ओल आतल्या बाजूला उतरते.

पायऱ्या मात्र स्वच्छच हव्यात, तिथे माणूस घसरतो. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग खराट्याने घासून धुवा. हातमोजे घाला, पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नका, आणि ब्लीचिंगमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

पण खरं काम छपरावर आहे. आमच्याकडे माजघर आणि पडवीच्या छपरांमध्ये पत्र्याची पन्हळ आहे. एका वर्षी ती साफ करायची राहिली. जुलैत पडवीच्या कोपऱ्यातला वासा काळा पडलेला दिसला, बोट दाबलं तर लाकूड ओल्या पावासारखं दबलं. पन्हळीत आंब्याची पानं कुजून चहाच्या चोथ्यासारखा थर झाला होता, त्यात गवतही उगवलं होतं. पाणी तुंबून कौलांखाली शिरत होतं. वासा बदलावा लागला. तेव्हापासून मृग लागायच्या आत पन्हळ हाताने साफ करतो, वर बादलीभर पाणी ओतून ते कुठून पडतं ते बघतो.

मेमध्येच कौलं परतून घ्या, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवून घ्या, पण जाणत्या माणसाकडून. नवख्याने पाय कुठे द्यायचा हे न कळता चालायला लागलं, तर गळती कमी होण्याऐवजी वाढते. वीस-पंचवीस जुनी कौलं पडवीत रचून ठेवा. मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने कौलांचा कारखाना काढला, मग किती तरी कारखाने निघाले, आणि एकाच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसेलच असं नाही. कौल उलटं करून शिक्का बघा आणि तशीच मिळवा. आमच्या गावात जुनं घर उतरवलं की लोक ती आनंदाने देतात.

भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं तर बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा. वरून छाटलं की ते पुन्हा फुटतं, आणि मुळं सांधे फोडत आत जातात.

जोत्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवा. लाकडं, झावळ्या, माती भिंतीला टेकवू नका. वाळवी तिथूनच चढते. भिंतीवर तिच्या मातीच्या रेघा दिसल्या की लगेच चौकटी तपासा. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचत असेल तर चर खणून बाहेर काढा. पश्चिमेच्या भिंतीला पावसाची झड लागते, तिथे झापं (विणलेल्या झावळ्या) बांधा. पाऊस सरला की सोडा, म्हणजे भिंतीला ऊन लागेल.

एक चावी शेजारच्या काकांकडे ठेवा. पहिला जोराचा पाऊस झाला की त्यांना घराभोवती एक फेरी मारायला सांगा, आणि पन्हळीचा फोटो पाठवायला लावा.