वाचक विचारतात : तेल का गोठतं, स्टोव्ह का मंदावतो?

प्रश्न : थंडीत नारळाचं तेल बाटलीत घट्ट होतं, सूर्यफुलाचं मात्र होत नाही. ‘गोठतं म्हणजे अस्सल’ असं दुकानदार सांगतो. खरं का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अर्धंच खरं. गोठण्यावरून एवढंच कळतं की तेलात संपृक्त मेदाम्लं (ज्यांच्या कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध नसतो अशी) भरपूर आहेत. पाम कर्नेल तेलही साधारण त्याच तापमानाला गोठतं, त्यामुळे त्याची भेसळ असली तर या परीक्षेत सुटून जाते.

कारण पाहायचं तर अठरा कार्बनची तीन मेदाम्लं घ्या. स्टिअरिक आम्ल सुमारे 69 अंश सेल्सिअसला वितळतं, ओलेइक 13 च्या आसपास आणि लिनोलेइक उणे 5 ला. आम्लाचं टोक तिघांचं सारखं, रेणुभारही जवळजवळ तेवढाच. स्टिअरिकची साखळी सरळ असते. ओलेइकमध्ये एक दुहेरी बंध, लिनोलेइकमध्ये दोन, आणि प्रत्येक दुहेरी बंधापाशी साखळी वाकते.

या साखळ्या एकमेकींना धरून असतात त्या लंडन बलामुळे. रेणूतले इलेक्ट्रॉन सतत हलत असतात. क्षणभर ते एका बाजूला जास्त झाले की शेजारच्या रेणूतले इलेक्ट्रॉनही त्यानुसार सरकतात आणि दोघांत ओढ निर्माण होते. भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी 1930 मध्ये पुंजयांत्रिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) आधारे याचा हिशेब मांडला. दोन रेणूंमधलं अंतर दुप्पट झालं तर या ओढीची ऊर्जा चौसष्टावा हिस्सा उरते. साखळी वाकली की शेजारणीला पूर्ण लांबीभर चिकटत नाही, आणि एवढ्याशा फटीनंही पकड सुटते.

तेलात ही आम्लं मोकळी नसतात, तीन-तीन करून ग्लिसरॉलला जोडलेली असतात. तर्क तोच लागू पडतो. मग नारळाचं तेल 24-25 अंशांनाच का वितळतं? त्यातल्या साखळ्या सरळ असल्या तरी आखूड आहेत (निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल, बारा कार्बनचं), शिवाय लांबी एकसारखी नाही.

बाटली अर्धवट गोठली असेल तर वरचं पातळ तेल ओतून घेऊ नका. जास्त तापमानाला वितळणारा भाग आधी गोठतो, त्यामुळे वरचं आणि खालचं तेल एकसारखं राहत नाही. कोमट पाण्यात बाटली ठेवून सगळं वितळवा, हलवा, मगच वापरा.

प्रश्न : हायड्रोजन क्लोराइड हा हायड्रोजन आयोडाइडपेक्षा जास्त ध्रुवीय (म्हणजे रेणूच्या दोन टोकांवरचा विद्युतभार जास्त असमान). तरी त्याचा उत्कलनांक (उकळण्याचं तापमान) कमी का? (बारावीची विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : उत्कलनांक अनुक्रमे उणे 85 आणि उणे 35. पहिल्या रेणूत 18 इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात 54, आणि आयोडीनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, सैल. ते सहज सरकतात, म्हणून लंडन बल वाढतं आणि ध्रुवीयतेतली घट भरून काढूनही उरतं. ‘लंडन बल सर्वांत क्षीण’ हा पाठ केलेला क्रम रेणूंचा आकार सारखा असतानाच चालतो: प्रोपेन (जवळजवळ फक्त लंडन बल) उणे 42, ॲसिटाल्डिहाइड (ध्रुवीय) 20, इथेनॉल (हायड्रोजन बंध) 78. तिघांचे रेणुभार 44 ते 46. आकार बदलला की क्रम कोसळतो. परीक्षेत आधी इलेक्ट्रॉन मोजा, ध्रुवीयता नंतर.

प्रश्न : हिमालयातल्या ट्रेकवर पहाटे गॅसच्या कॅनिस्टरचा स्टोव्ह मंदावतो. कॅनिस्टरमध्ये गॅस तर शिल्लक असतो. (वाचक, पुणे)

उत्तर : साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याहून थंडीत त्याची वाफ पुरेशा दाबानं बाहेर येत नाही. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यानं थोडी सवलत मिळते, पण वाफ होताना कॅनिस्टर स्वतःच गारठतो आणि ती सवलत संपते. आयसोब्युटेनचं सूत्र तेच, मात्र रेणू फांदीचा आणि आटोपशीर. रेणूंचा एकमेकांशी स्पर्श कमी, म्हणून तो उणे 12 ला उकळतो. थंडीसाठी आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा कॅनिस्टर घ्या. तोही संपत आला की कुरकुरतो, कारण प्रोपेन आधी उडून जातो. पहाटेसाठी भरलेला कॅनिस्टर राखून ठेवा. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. ज्योतीवर धरून तापवणं किंवा कॅनिस्टरसकट स्टोव्हभोवती वाऱ्याचा आडोसा बंदिस्त करणं, दोन्हींत स्फोटाचा धोका आहे.