घराजवळच्या सुपरमार्केटने दारूविक्रीची वेळ वाढवून मागितली आहे. हरकत घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: सुपरमार्केट रात्री बारापर्यंत उघडं असतं, पण दारू दहापर्यंतच विकता येते. आता त्यांनी दारूसाठीही बारापर्यंतची परवानगी मागितली आहे. दुकान उघडंच आहे, मग दोन तासांनी असं काय बिघडणार, आणि हरकत घेतली तर आपण उगाच सोवळेपणा करतोय असं तर होणार नाही?

माझं मत स्पष्ट आहे, हरकत घ्या. मी काही वर्षं एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला गल्ल्यावर होतो, त्या अनुभवावरून सांगतो. संध्याकाळी सात वाजता वाइनची बाटली घेणारा माणूस आठवड्याचं सामान भरायला आलेला असतो. रात्री उशिराचं गिऱ्हाईक वेगळं असतं. घरी बैठक रंगात आलेली असते, बाटली संपलेली असते आणि त्यातल्याच एकाला आणखी आणायला पिटाळलेलं असतं. म्हणजे हे दोन तास वाढवून मिळणारी जास्तीची विक्री मोठ्या प्रमाणात आधीच प्यायलेल्या माणसांना होते. रात्री उशिरा कामावरून सुटणाऱ्यांची सोय होईल असं अर्जदार सांगतात. पण दारू नासत नाही. ज्याला हवी आहे तो सुट्टीच्या दिवशी आणून ठेवू शकतो.

आणि त्या प्यायलेल्या माणसाला ‘नाही’ कोण म्हणणार? गल्ल्यावरचं विशी-बाविशीतलं पोरगं. इंग्लंडमध्ये नशेत असलेल्याला दारू विकणं हा गुन्हा आहे आणि तो विकणाऱ्या कर्मचाऱ्यावरही लागू होतो. रात्री माणसं कमी, रांगेत चिडलेले लोक, आणि समोरचा हुज्जत घालतोय की मी शुद्धीत आहे. अर्जात या मुलांचा विचार केलेला असतो का, हे नक्की बघा.

वेळ कमी केल्याने फरक पडतो का, याची उदाहरणं आहेत. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात 2010 मध्ये रात्री दहा ते पहाटे पाच दुकानांतून आणि पेट्रोल पंपांवरून दारू विकायला बंदी घातली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की किशोरवयीन आणि तरुणांचं दारूमुळे रुग्णालयात दाखल होणं सुमारे 7 टक्क्यांनी घटलं. (ही बंदी 2017 मध्ये उठवली गेली.) स्कॉटलंडमध्ये दुकानांतून दारू सकाळी दहा ते रात्री दहा एवढ्याच वेळात मिळते. लिथुएनियाने 2018 पासून दुकानांना रात्री आठपर्यंत आणि रविवारी दुपारी तीनपर्यंतच मुभा दिली. नॉर्वेतल्या 18 शहरांच्या अभ्यासात बंद होण्याची वेळ एक तासाने पुढे गेली की रात्रीच्या मारहाणी सुमारे 16 टक्क्यांनी वाढतात असं आढळलं, पण तो अभ्यास बारचा आहे. तुमच्या हरकतीत तो आकडा जसाच्या तसा वापरू नका. समोरचा वकील पहिल्यांदा त्यावरच बोट ठेवेल.

सुनावणीत हमखास एक मुद्दा येतो: ‘आमच्या दुकानाबाहेर आजवर भांडण झालेलं नाही, पोलिसांत तक्रार नाही.’ ते खरंही असेल. पण सुपरमार्केटमधली दारू दुकानात प्यायली जात नाही. ती बारपेक्षा स्वस्त असते, घरी जाते, आणि तिथे कुणी ‘आता पुरे’ म्हणणारा नसतो. तिचे परिणाम चार भिंतींच्या आत, बायकामुलांवर होतात. दुकानाच्या दारातली शांतता हा काही बिघडत नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. हा मुद्दा तुम्ही शांतपणे आणि ठामपणे मांडाच, कारण तो मांडायला ती माणसं सुनावणीला येत नाहीत.

हरकत लिहिताना तुमच्याकडचा कायदा कोणती कारणं मानतो ते आधी वाचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 च्या कायद्यात चारच कारणं आहेत: गुन्हे आणि बेशिस्त रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, लोकांना होणारा उपद्रव टाळणं आणि मुलांचं संरक्षण. सार्वजनिक आरोग्य त्यात नाही, स्कॉटलंडमध्ये आहे. त्यामुळे ‘दारू वाईट’ एवढंच लिहिलेली हरकत बाजूला पडते, आणि ‘रात्री अकरानंतर या गल्लीत बाटल्या फुटतात, त्याच गल्लीतून मुलं शाळेत जातात’ असं लिहिलेली विचारात घ्यावी लागते. मुदतही तपासा. इंग्लंड आणि वेल्समध्ये ती 28 दिवसांची असते आणि सूचना दुकानाच्या दर्शनी भागावर लावलेली असते.

अर्ज सरसकट फेटाळला जाईलच असं नाही, म्हणून सोबत पर्यायी मागण्या लिहा. बाराऐवजी अकरा. रात्री गल्ल्यावर किमान दोन माणसं. वेळ संपली की दारूच्या विभागाला शटर. कुणाला विक्री नाकारली त्याची नोंदवही. कडक बिअरचे सुटे कॅन उशिरा विकायचे नाहीत. आणि कायद्यात सोय असेल तर परवानगी सहा महिन्यांपुरती द्यावी, असं आवर्जून मागा, कारण एकदा दिलेली वेळ काढून घेणं फार अवघड जातं. शेजारच्या चार घरांनीही आपापल्या शब्दांत वेगवेगळं लिहिलं तर उत्तम. एकाच मजकुराखालच्या पन्नास सह्यांपेक्षा त्याकडे जास्त लक्ष दिलं जातं.