पहिल्या माहितीपटाचे संकलन करताना
४० तासांचे चित्रीकरण पाहून दडपण येणे स्वाभाविक आहे. तरीही संकलन सुरू करण्यापूर्वी सर्व फुटेजच्या ३ प्रती करा आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवा. नंतर सगळ्या मुलाखती टाइमकोडसह (वाक्य फुटेजमध्ये नेमके कोणत्या क्षणी येते, त्या वेळेच्या नोंदीसह) स्वतः शब्दशः उतरवा, कारण कथानक बहुधा या कागदांवरच प्रथम सापडते आणि बोलणारा नेमका कुठे थबकला, हेही तेव्हाच ध्यानात येते.

नवखे संकलक सहसा दोन चुका करतात:
१. कच्च्या जोडणीवरच, म्हणजे दृश्ये ढोबळपणे क्रमाने लावलेल्या पहिल्या आवृत्तीवरच, पार्श्वसंगीत चढवतात, त्यामुळे प्रसंगातील उणीव झाकली जाते.
२. वाक्ये तोडून जोडताना बोलणाऱ्याचा मूळ अर्थ बदलतात. ही चूक मला अधिक गंभीर वाटते, कारण ती व्यक्ती विश्वासाने कॅमेऱ्यासमोर बसलेली असते. म्हणून प्रत्येक कापलेले वाक्य मूळ मुलाखतीशी पुन्हा ताडून पाहा.

रंगसंस्कार (दृश्यांचे रंग आणि उजेड जुळवणे) आणि ध्वनिमिश्रण जोडणी पक्की झाल्यावरच हाती घ्या.