पाच शिलिंगांना 200 एकर? क्वेकर घराण्यांचे दस्त आणि पत्रे वाचताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वेस्ट जर्सीतील (अमेरिकेतील तेव्हाची इंग्रज वसाहत, आजच्या न्यू जर्सी राज्याचा भाग) एका क्वेकर, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या, घराण्याच्या कागदांच्या नकला आपण मराठीत उतरवीत आहात. त्यांत एकाच 200 एकर जमिनीचे, लागोपाठच्या दोन दिवसांचे दोन दस्त आहेत. पहिल्यात जमीन पाच शिलिंग घेऊन एका वर्षासाठी दिली आहे, दुसऱ्यात कायमची. सोबतच्या पत्रावर ‘पहिल्या महिन्याची 12 तारीख, 1701/2’ असे लिहिले आहे. जमीन भाड्याने दिली की विकली, आणि पत्र जानेवारीचे समजावे काय, असे आपण विचारता. जमीन विकलेली आहे आणि पत्र मार्चचे आहे.

इंग्लंडच्या जुन्या रिवाजानुसार जमीन हस्तांतरित करायची तर देणारा आणि घेणारा यांनी त्या जमिनीवर जाऊन मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती द्यावी लागे. नुसत्या कागदावर विक्री केली, तर 1536 च्या कायद्याप्रमाणे तिची सरकारी दप्तरात नोंद करणे भाग होते. या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी वकिलांनी एक युक्ती काढली. आधी एका वर्षाचा भाडेपट्टा करायचा, म्हणजे घेणारा कायद्याच्या दृष्टीने ताबेदार ठरे. आणि दुसऱ्या दिवशी मालकाने आपला उरलेला हक्क त्या ताबेदाराच्या नावे सोडून द्यायचा. आपल्याकडच्या भाषेत पहिला कागद भाडेपट्ट्याचा आणि दुसरा हक्कसोडपत्राचा, पण दोन्ही मिळून एकच खरेदीखत होते. पाच शिलिंग हा केवळ रिवाजाचा आकडा आहे. अशा पट्ट्यात वर्षाचे भाडे म्हणून बहुधा मिरीचा एक दाणा, तोही ‘मागितल्यास’, असे लिहिलेले आढळते. खरी किंमत पाहायची ती दुसऱ्या दस्तात. ज्यांच्या जमिनी समुद्रापलीकडे होत्या आणि ज्यांतले कित्येक जण तिकडे कधी जाणारही नव्हते, त्यांना ही पद्धत फार सोयीची पडली. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचे क्वेकर संस्थापक विल्यम पेन यांनी 1681 पासून तेथील जमीन 5,000 एकरांना 100 पौंड या दराने विकली, तीही अशाच जोडदस्तांनी; शिवाय दर 100 एकरांमागे वर्षाला एक शिलिंग सारा ठेवला तो वेगळाच.

मोजमापाविषयी थोडे सांगतो, कारण चतुःसीमा उतरवताना ते आपल्याला लागेल. ‘काळ्या ओकच्या खुणेच्या झाडापासून अमुक पर्च’ असे जे येते, त्यातला पर्च म्हणजे साडेसोळा फूट, आणि 160 चौरस पर्चांचा एक एकर. आपला गुंठा 33 फूट गुणिले 33 फूट, म्हणजे बरोबर चार चौरस पर्च; म्हणूनच आपल्याकडे एकराचे 40 गुंठे होतात. दोन्हींचे मूळ इंग्रजी मोजणीच्या साखळीत आहे.

आता तारीख. क्वेकरांना महिन्यांची आणि वारांची रूढ नावे मूर्तिपूजकांच्या देवतांची वाटत, म्हणून ते आकडे लिहीत. इंग्लंडमध्ये 1751 पर्यंत कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई, आणि त्या हिशेबाने मार्च हा पहिला महिना होता. 1 जानेवारी ते 24 मार्च या काळासाठी 1701/2 असे जोडसाल लिहीत; त्यातला दुसरा आकडा आजच्या हिशेबाच्या सालाचा. पेन यांना वसाहतीसाठी मिळालेली 4 मार्च 1681 ची राजसनददेखील तत्कालीन कागदांत 1680/1 ची आहे. तेव्हा आपले पत्र 12 मार्च 1702 चे, अर्थात तेव्हाच्या जुन्या (ज्युलियन) पंचांगाप्रमाणे. 1752 पासून मात्र ‘पहिला महिना’ म्हणजे जानेवारी. सुरुवातीला मी स्वतः एका जुडग्यातील सगळी पत्रे दोन-दोन महिने मागे नेऊन ठेवली होती आणि उत्तर पत्राच्या आधी कसे पोचले, याचा आठवडाभर विचार करीत बसलो होतो.

दस्तातून व्यवहाराचा साचा कळतो, व्यवहार मात्र पत्रांतून कळतो. लंडनच्या साउथवर्क भागातील जॉन हॅडन यांनी वेस्ट जर्सीत जमीन घेतली, पण ते स्वतः कधीच तिकडे गेले नाहीत. 1701 च्या सुमारास त्यांची एकवीस वर्षांची मुलगी एलिझाबेथ ती जमीन सांभाळण्यासाठी गेली; पुढल्याच वर्षी तिने क्वेकर प्रचारक जॉन एस्टॉ यांच्याशी लग्न केले, आणि सासऱ्यांच्या जमिनींचा कारभार मुखत्यार या नात्याने जावई पाहू लागले. न्यू जर्सीतील आजच्या हॅडनफील्ड गावाचे नाव याच घराण्याचे. अशा व्यवस्थेत मालकाची इच्छा, मोजणीची तक्रार, गिऱ्हाइकाची ऐपत हे सारे जहाजाने जाणाऱ्या पत्रांत असते, आणि दस्तावर फक्त मुखत्याराची सही उरते. पत्रांतील नात्यांचे शब्द जपून उतरवावेत. त्या काळच्या इंग्रजीत ‘कझिन’ हा शब्द भाच्यालाही आणि पुतण्यालाही लावीत, आणि ‘फ्रेंड’ म्हणजे बहुधा पंथबंधू. क्वेकर कोणालाही ‘दाऊ’ (इंग्रजीतले जुने एकेरी ‘तू’) म्हणत, तेथे मराठीत ‘तू’ हेच ठेवावे. ‘आपण’ लिहिले तर त्यांचा सारा आग्रहच पुसला जाईल.

दस्ताच्या अक्षरावर विसंबण्याचा धोका खुद्द पेन यांनी भोगला आहे. त्यांचे कारभारी फिलिप फोर्ड, तेही क्वेकर, हिशेबातील येणे दाखवून 1682 पासून एकामागून एक कागद पुढे करीत गेले, आणि पेन पुरते न तपासता सही करीत गेले. कागदावर ती पेनसिल्व्हेनिया वसाहतीची विक्री होती. पेन यांच्या मते ते कर्जापोटीचे तारण होते. 1697 पर्यंत अशी वेळ आली की पेन आपलीच वसाहत फोर्ड यांच्याकडून भाड्याने घेऊन होते. फोर्ड 1702 मध्ये वारले, त्यांच्या पत्नी ब्रिजेट आणि मुले कोर्टात गेली, आणि 1708 मध्ये पेन यांना कर्जापायी कैद झाली. अखेर 7,600 पौंडांवर तडजोड झाली आणि ती रक्कम क्वेकर मित्रांनी उभी केली. क्वेकरांनी आपसांतील तंटा कोर्टात न नेता पंथाच्या सभेपुढे मिटवावा असा दंडक असल्याने हे प्रकरण त्या समाजाला विशेष लागले. त्याच दंडकामुळे आपल्या घराण्यातील वादाचा मागमूस कोर्टाच्या दप्तरात न मिळाल्यास पंथाच्या स्थानिक मासिक सभेची इतिवृत्ते चाळावीत.

एक विनंती. आपल्या यादीत दुसऱ्या दस्ताची फक्त पुढची बाजू दिसते. किंमत पोचल्याची पावती आणि साक्षीदारांच्या सह्या पुष्कळदा पाठीवर असतात. त्या दिवशी पैसे खरोखर हाती आले की उधारीवर राहिले, याचा पत्राशी ताळा तेथेच घालता येईल. नकल पुन्हा मागवाल तेव्हा मागची बाजूही मागवावी.