मक्यात चवळी टाकली, उगवली आणि जळाली. परत करू का?

प्रश्न: पाऊण एकर बागायती मका आहे, दोन गाई आणि एक म्हैस. मागच्या हंगामात मक्याच्या ओळींमधे चाऱ्यासाठी चवळी टाकली. छान उगवली, पण आठ-दहा दिवसात पानं कडेनं पिवळी होऊन करपली. जी वाचली ती सावलीत नुसती लांबोळकी झाली. चवळी नत्र देते म्हणून युरिया निम्माच टाकला, तर मकापण फिका पडला. आता नाद सोडावा का?

उत्तर: नाद सोडू नका, पण आधी एक सांगा, पेरल्यावर अ‍ॅट्राझीन हे तणनाशक मारलं होतं ना? लक्षणं तर तीच वाटतायत. मक्याला ते काही करत नाही, चवळीला मात्र उगवल्यावर कडेपासून जाळत आणतं. दुकानात फक्त "मक्याचं तणनाशक" मागितलं की बहुतेक तेच हातात पडतं, सोबत चवळी आहे हे सांगायला लागतं. पेरणीनंतर एक-दोन दिवसात ओलीवर पेंडीमेथॅलिन दोन्हीला चालतं, लेबलवरचं प्रमाण बघून, नाहीतर सरळ खुरपणी.

आता नत्राचं. ह्यात भलेभले फसतात. मुळांवरच्या गाठीत तयार झालेलं नत्र चवळी आधी स्वतःच वापरते, शेजारच्या मक्याला त्याच हंगामात फारसं काही मिळत नाही, मुळं कुजल्यावर पुढच्या पिकाला थोडं मिळतं, आणि वरचा पाला तुम्ही कापून नेता म्हणजे ते नत्र गव्हाणीत गेलं, शेणखतातनं परत आलं तर आलं. म्हणून मक्याचा युरिया कापू नका, फक्त मक्याच्या ओळीलगत द्या, चवळीच्या बुडाशी नको, आयतं मिळालं की ती गाठी धरायचा आळस करते. महिनाभराने एक झाड ओलीत खुरप्यानं उकरा (उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात), बादलीत धुवा आणि गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही, मग पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम (गाठी धरवणारे जिवाणू) लावाच.

लांबोळकी झाली ती उजेडाअभावी. मका जोडओळीत घ्या, दोन ओळी जवळ, मग रुंद पट्टा, त्यात चवळीच्या दोन ओळी, पेरणी एकाच दिवशी. पाणी देताना पट्ट्यात तुंबू देऊ नका, चवळीची मुळं कुजतात, मक्याला मात्र तुरा आणि कणसाच्या वेळी ताण नको.

सगळाच चारा करायचा असेल तर मका तुऱ्यात-चिकात (दाण्यात दूध भरताना) आणि चवळी फुलात असताना एकत्र कापा. चवळीत प्रथिनं मक्याच्या साधारण दुप्पट असतात, कुट्टी एकत्रच करा म्हणजे जनावर निवडत बसत नाही. आणि हो, अळीसाठी मक्यावर फवारा मारलात तर तो चवळीवरही पडतो, लेबलवर लिहिलेले दिवस गेल्याशिवाय ती कापून घालू नका.

वालाचा विचार असेल तर जरा थांबा, तो मक्यावर चढतो आणि वारं सुटलं की दोघं मिळून आडवे.