कोल्हापुरात इंजिनिअरिंगला नंबर लागलाय पण फी आणि रूम-मेसचा खर्च झेपणार नाही, स्कॉलरशिप कशी मिळवायची?

भावा, पहिलं म्हणजे ॲडमिशन सोडायचा विचार डोक्यातनं काढ. बारावी सायन्स, भुदरगडातलं गाव, दोन एकर ऊस, ओपन कॅटेगरी, कॅप राउंडमधनं (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतनं) नंबर लागलाय आणि बाबा म्हणतायत ऊसबिल आल्यावर फी भरू, एवढं तू लिहिलंयस, त्यावरनं सांगतो. मी इथल्याच एका कॉलेजात स्कॉलरशिपच्या टेबलाला बसतो, रोज हेच फॉर्म बघतो, आणि वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय.

ऊसबिलाची वाट बघून चालणार नाही हे बाबांना आधी समजावून सांग, कारण कारखान्याचं धुराडं पेटतंय दिवाळीच्या आगंमागं आणि कॉलेजची फी त्याच्या कितीतरी आधी मागतात. पण तुला पूर्ण फी भरायचीच नाही. तुझ्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, सगळे तिला ईबीसीच म्हणतात. घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि ॲडमिशन कॅपमधनं, मॅनेजमेंट कोट्यातनं नाही, असं असलं की ट्यूशन फी आणि परीक्षा फी दोन्ही निम्मी सरकार देतं. ॲडमिशनच्या वेळीच कॉलेजनं तुझ्याकडनं निम्मी ट्यूशन फी घ्यायची असते, बाकीची सरकारकडनं येते. कुणी सगळी भर म्हणालं तर तिथंच गप्प बसून बाबांना सोनं ठेवायला पाठवू नको, स्टुडंट सेक्शनला जाऊन ईबीसीचा शासन निर्णय आहे म्हणून सांग, तिथं नाही झालं तर प्राचार्यांना लेखी अर्ज दे आणि पोच घे. एक अट लक्षात ठेव, घरातल्या पहिल्या दोन मुलांनाच हे मिळतं. तुम्ही दोघंच भावंडं, त्यामुळं प्रश्न नाही.

फॉर्म महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर भरायचा. भरणं अवघड नाही, खरं सांगतो, एका बैठकीत होतंय. अवघड आहे ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं.

आधीचं म्हणजे दाखले. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो, तो चालू वर्षाचा काढ, जुना जोडू नको. तलाठ्यांचा अहवाल, मग सेतू नाहीतर महा ई-सेवा केंद्र, असं जायला लागतंय आणि ॲडमिशनच्या दिवसात सगळा तालुका तिथंच असतो, म्हणून उद्याच जा. दाखल्यावर बारकोड असतो, त्याचा नंबर पोर्टलवर टाकला की दाखला आपोआप तपासला जातो, पुढचा बराच त्रास वाचतो. डोमिसाइल, दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर हे सगळं स्कॅन करून मोबाइलमध्ये एका फोल्डरला ठेव, प्रत्येक फाइल २५६ केबीच्या आत बसव. आधार कार्डावरचं नाव आणि दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का बघ. बापाचं नाव एकीकडं पूर्ण आणि एकीकडं नुसतं आद्याक्षर, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त, असल्या बारक्या गोष्टीवर महिना महिना जातो.

आणि कॅफेवाल्याकडनं फॉर्म भरून घेतलास तरी मोबाइल नंबर, ईमेल आणि पासवर्ड तुझाच टाकायचा. घाईत कॅफेवाले स्वतःचा नंबर टाकतात, मग पोर्टलचे सगळे मेसेज त्यांच्याकडं जातात आणि पोराला काही कळतच नाही, ह्या एका गोष्टीपायी किती जणांचं वर्ष गेलेलं मी बघितलंय.

आता नंतरचं, आणि मला सगळ्यात कळकळीनं हेच सांगायचंय. फॉर्म सबमिट केला म्हणजे झालं असं नसतं. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, मग खात्याच्या, आणि दोन्हीकडं काही कमी दिसलं तर तो रिजेक्ट न करता सेंड बॅक करतात, म्हणजे तुझ्याकडंच परत येतो, दुरुस्त करून पुन्हा पाठवायला. फॉर्म रिजेक्ट होऊन पैसे बुडालेली पोरं कमी, परत आलेला फॉर्म उघडूनच न बघितल्यामुळं बुडालेली जास्त. गरीब घरची, हुशार, पात्र पोरं असतात रे ती, आणि एक धूसर फोटो नाहीतर चुकीचा दाखला एवढ्यावर फी अंगावर येते. तेव्हा आठवड्यातनं एकदा लॉगिन करून स्टेटस बघायचं. प्रिंट आणि कागद कॉलेजात जमा केलेस की पोच घ्यायची. माझ्यासारखा टेबलावर जो कोण बसतो त्याला जाऊन विचारायला लाजायचं नाही, ह्याच कामाचा आम्हाला पगार आहे.

बँकेचं पण तेवढंच महत्त्वाचं. खात्याला आधार 'लिंक' आहे असं बँकेत सांगतात ते बऱ्याचदा फक्त केवायसीपुरतं असतं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडनं थेट खात्यात येणारे पैसे येतात ते एनपीसीआयला (बँकांमधले व्यवहार सांभाळणारी संस्था) ज्या खात्याचं आधार सीडिंग, म्हणजे जोडणी, झालीय त्याच खात्यात, आणि तिथं सगळ्यात शेवटी जोडलेलं एकच खातं धरतात. तू फॉर्ममध्ये कुठलं खातं लिहिलंयस त्याला तिथं किंमत नाही. शाळेत असताना काढलेलं, कधी वापरात नसलेलं खातं तिथं असेल तर पैसे तिथं जातील नाहीतर अडकतील. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, ते बघ. खातं मायनर असताना काढलेलं असेल तर १८ पूर्ण झाल्यावर नव्यानं केवायसी करायला लागते, ती करून टाक.

फी निम्मी झाली तरी तुझा खरा खर्च रूम आणि मेसचा आहे. त्यासाठी महाडीबीटीवरच दुसरी योजना आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. आईवडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील त्यांच्या मुलांसाठी ती आहे. दोन एकर म्हणजे तुम्ही नक्कीच त्यात बसता, हद्द दोन हेक्टरची आहे, साधारण पाच एकर. आठ-अ उतारा घेऊन अल्पभूधारकाचा दाखला काढा आणि तो उत्पन्नाच्या दाखल्याबरोबरच टाका म्हणजे तहसीलची एक फेरी वाचेल. हॉस्टेलचं पत्र नाहीतर रूमचा भाडेकरार लागतो, म्हणून घरमालकाशी बोलतानाच करार देणार का ते विचार. ईबीसी भरणारी निम्मी पोरं ही योजना भरतच नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि रूम बघायच्या आधी बोर्डिंगं, म्हणजे समाजांची वसतिगृहं बघ. शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग लिंगायत, जैन, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा नाही म्हणून शिक्षण सुटू नये एवढ्यासाठी. दसरा चौकात उभा राहिलास तर आजूबाजूला दिसतील. ह्या शहरात ती सोय शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलीय, तिचा वापर करायचा. बोर्डिंगात जागा मोजक्या असतात, फोनवर नीट माहिती मिळत नाही, समक्ष जाऊन फॉर्म आण. एखादा मित्र मागासवर्गीय असेल तर त्याला विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात पाठव, सरकारी वसतिगृहाची आणि तिथं नंबर लागला नाही तर राहण्याजेवणाला पैसे देणाऱ्या स्वाधार योजनेची माहिती समाजकल्याणच्या ऑफिसात मिळते. विद्यापीठात कमवा व शिका पण आहे, पण पहिल्या वर्षी इंजिनिअरिंगचा अभ्यास अंगावर येतो, त्यामुळं माझ्या मते ते तू आत्ता नको बघू.

नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरच्या केंद्राच्या स्कॉलरशिपबद्दल विचारलंयस. बारावीला बोर्डात तुझ्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे शंभरातल्या ऐंशी जणांच्या पुढं असशील आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पदवीची पहिली तीन वर्षं वर्षाला १२,००० मिळतात. पण ती घेतली की दुसरी स्कॉलरशिप किंवा फीमाफी घेता येत नाही. तुला खासगी कॉलेज आहे, निम्मी फी त्याच्या कितीतरी पट होईल, तेव्हा ईबीसीच धर. साधं बीएस्सी असतं, फी किरकोळ असती, तर मी उलटं सांगितलं असतं.

एवढं करून कमी पडलं तर एज्युकेशन लोन, सावकार नाही आणि सोसायटीचं पीककर्ज उचलून फी भरणं तर अजिबात नाही, कारण ते ऊसबिलातनं कापून जातं आणि पुढच्या हंगामाला घरात काही उरत नाही. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं आणि कॉलेज किंवा कोर्स नॅक नाहीतर एनबीए (दर्जा तपासणाऱ्या संस्था) मान्यतेचा असला की १० लाखांपर्यंतच्या लोनवर शिकत असतानाचं आणि पुढच्या एक वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. कर्ज मागायला जाताना बँक मॅनेजरला हे स्वतः विचार.

बहीण ह्यावर्षी बारावीला आहे म्हणालास. २०२४-२५ पासनं मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, तीच ८ लाखांची आणि कॅपची अट, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास), ओबीसी ह्यांना. ओपनमधनं म्हणजे तिला ईडब्ल्यूएस लागेल, तर तिचा ईडब्ल्यूएसचा दाखला ॲडमिशनच्या चालू आर्थिक वर्षाचा काढा, आणि डोमिसाइल, आधारला मोबाइल नंबर, तिच्या नावाचं खातं आणि सीडिंग आत्तापासनंच करायला घ्या. पुढच्या जूनमध्ये तुझी परीक्षा, तिचं ॲडमिशन आणि बाबांची भांगलण एकदम येणार, तेव्हा तहसीलला हेलपाटे घालायला घरात कुणी मोकळं नसेल.